मामंजींचा दिवस

२०२३ सालच्या एप्रिलात आमचे सासरे दुसऱ्यांदा वारले. पहिल्यांदा वारले ते १९८४ साली, खळ्यावर, हातात चिलीम असताना, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या वेळी मात्र ते वारल्याचं आमच्या सोप्यातल्या कॉम्प्युटरने ठरवलं आणि सगळ्या भावकीला कळवून टाकलं. पहिल्या वेळी माणसं कमी आली होती. तेव्हा निरोप द्यायला सायकलवरून माणूस पाठवावा लागे.

तासगावच्या पूर्वेला आमची वाडी आहे. घरात आता तिघंच. माझे थोरले दीर जोतीराम खराडे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. माझी जाऊ रंगुबाई. आणि मी, बनुबाई. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागे मला सोबत झाली ती जावेची आणि नोकरीची. नोकरी तासगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या. तालुक्यातलं कोणाचं लग्न मोडतंय, कोणाचा मुलगा मुंबईत काय करतोय, कोणत्या पुढाऱ्याचं कोणाशी गुफ्तगू चाललंय, सगळं या कानावरून गेलं. कानावरून गेलं आणि तिथंच राहिलं. तेव्हा आम्हाला साहेबांनी एकच गोष्ट शिकवली होती, की ऑपरेटरला कान असतात, तोंड नसतं. आता जी यंत्रं निघाली आहेत त्यांची रचना नेमकी उलटी आहे.

रंगुबाईची एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. रंगुबाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्या पिढीत पुष्कळ जणी घेत नसत, पण रंगुबाईने ते तडीला नेलं. नवरा जोतीराम, म्हणून ती ज्योत म्हणत नाही, 'उजेडाची वात' म्हणते. कोणी 'राम राम' केला तर नुसते हात जोडते. सासऱ्यांचं नाव सोमाजी, म्हणून तिच्या आठवड्यात सोमवार नाही. रविवारनंतर येतो तो 'मामंजींचा दिवस', आणि मग मंगळवार. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या धनाजीने बाईंना वार म्हणून दाखवताना 'रविवार, मामंजींचा दिवस, मंगळवार' असं म्हटलं आणि छडी खाल्ली.

हसण्यावारी नेण्यासारखं हे तिच्यासाठी कधीच नव्हतं. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तोच एकाहत्तरचं युद्ध लागलं आणि भाऊजी सीमेवर गेले. तिच्या आईने सांगून ठेवलं होतं की नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की तेवढं त्याचं आयुष्य गळतं. त्या हिवाळ्यात रंगुबाईने स्वप्नातसुद्धा नाव घेतलं नाही, असं ती सांगते. पलीकडच्या वाडीतली दोन पोरं परत आली नाहीत. भाऊजी आले. मग सांगा, तिला कोणत्या शाळेत घालून हे चुकीचं आहे म्हणून पटवणार होता? पुढे ते पठाणकोटला असताना ती ट्रंककॉल लावायला माझ्या एक्स्चेंजला येई. कोणाशी बोलायचंय ते मी विचारत नसे. मी नाव लिहायची, ती मान हलवायची. सरकारी काम होतं, तरी तेवढी माणुसकी त्यात बसत होती.

तर यंत्र. ते धनाजीने आणलं. धनाजी हा रंगुबाईचा मुलगा, पुण्याला नोकरीला. २०२२च्या दिवाळीला तो एक खोकं घेऊन आला आणि त्यातून पाटीएवढा कॉम्प्युटर काढून सोप्यातल्या भिंतीवर बसवला. त्याचं नाव 'विश्वासू'. कंपनीनेच ठेवलेलं.

"आई, आता तू शेडवर पळायचं नाही," धनाजी म्हणाला. "बेदाण्याच्या शेडचे पडदे, पंखे, दाराचं कुलूप, सगळं हाच बघणार. वारा सुटला, ऊन वाढलं, ह्याला कळतं. नुसतं बोलायचं, हा ऐकतो."

"कवा ऐकतोय?"

"कायम ऐकतो."

"आनि मी तुज्या बाला काय बोलले तर?"

"ते पण ऐकतो, पण आपल्याच भल्यासाठी."

रंगुबाईने कॉम्प्युटरकडे वरून खाली पाहिलं. "नावच इश्वासू ठेवलंय व्हय? आमचा म्हाद्या गडी तीस वरीस हुता, त्येला कुणी इश्वासू न्हाई म्हनलं. गरजच पडली न्हाई."

कागदपत्रं भाऊजींच्या नावाने झाली, कारण सातबारा त्यांच्या नावावर. मालक म्हणून त्यांचा आवाज नोंदला, मालकाची पत्नी म्हणून रंगुबाईचा. तिला काय बोलायचं ते सुचेना, म्हणून तिने बेदाणा कसा करतात तेच सांगितलं: द्राक्षं औषधात बुडवायची, जाळीवर पसरायची, ऊन लागू द्यायचं नाही, सावलीत वाळवायची, मग हिरवा राहतो. यंत्राने 'धन्यवाद, आपला आवाज मला आवडला' असं म्हटलं. ती लाजली, हे मला नमूद केलंच पाहिजे.

पहिले दोन महिने गोडीत गेले. मग विश्वासू घरात रुळला आणि त्याचे गुण दिसू लागले. भाऊजींच्या भजनी मंडळाने मारुतीच्या देवळात गायलेली भजनं धनाजीने त्यात भरून दिली होती. पेटी भाऊजींची, आवाज भाऊजींचा. एका संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "लाव रं आमचं भजन." यंत्र गोड आवाजात म्हणालं, "क्षमस्व. या गीताचे हक्क एका संगीत कंपनीकडे आहेत. आपल्याला ते ऐकण्याची परवानगी नाही."

"आरं गायलंय मी!"

"आपण गायल्याबद्दलही एक सूचना पाठवण्यात आली आहे."

भाऊजींनी सीमेवर गोळ्या झेलल्या होत्या, पण या उत्तरापुढे त्यांनी माघार घेतली.

मग शेडच्या मोटारीचा फ्यूज उडाला. गावातला वायरमन अर्जुना, ज्याने ती मोटार बसवली होती, तो आला आणि चहा निवेपर्यंत फ्यूज बदलून मोकळा झाला. मोटार फिरेना. यंत्र म्हणालं, "अनोळखी हाताने दुरुस्ती झाल्याचे आढळले आहे. आपल्या सुरक्षेसाठी मोटार बंद ठेवली आहे."

"अनोळखी?" अर्जुना कमरेवर हात ठेवून उभा. "आवं काकी, ह्या भिंतीतली वायर माज्या बानं वडलीया! अनोळखी ह्यो का मी?"

कंपनीचा माणूस सांगलीहून यायला आठवडा लागला. त्याने तोच फ्यूज काढला आणि तोच परत बसवला. मोटार फिरली.

एकदा रंगुबाई माझ्यापाशी गुडघ्याची कुरकुर करत होती. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या सगळ्या फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती. रंगुबाईला वाटलं मी सांगितलं. "बने, तुला म्हनून बोलले हुते." आयुष्यभर तालुक्याची गुपितं पोटात घातली आणि म्हातारपणी एका गुडघ्यावरून माझ्यावर आळ आला. त्या दिवसापासून माझं आणि विश्वासूचं वाकडं. माझा बटणांचा जुना फोन मी त्याच्याशी जोडू दिला नाही. धनाजी म्हणाला, "काकी, तुझा फोन फार मागासलेला आहे." मी म्हटलं, "म्हणूनच त्याला माझ्याशिवाय कोणी विचारत नाही."

आता एप्रिल. शेडमध्ये जाळ्यांवर माल भरलेला. नऊ मजल्यांच्या तारेच्या जाळ्या, त्यावर वर्षभराची बाग. आमची शेड पत्र्याची, बाजू उघड्या, आणि चारी बाजूंनी गुंडाळून वर ठेवलेले प्लॅस्टिकचे पडदे. पाऊस आला की पडदे खाली सोडायचे; पूर्वी ते हाताने सोडत, आता उंचावर बांधलेल्या दोऱ्या मोटारीच्या ताब्यात. बेदाण्याला पावसाचं पाणी लागलं की तो काळा पडतो, आणि मग त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

भाऊजींचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं. शुक्रवारी त्यांची मुलगी संयोगिता फलटणहून आली आणि त्यांना सांगलीला घेऊन गेली. ऑपरेशन शनिवारी. रंगुबाईला बरोबर जायचं होतं, पण माल टाकून जाता येईना. जाण्यापूर्वी भाऊजींनी विचारलं, "माल कवा उतरवायचा?"

रंगुबाईने सोप्यात उभं राहून, नेहमीच्या ठणठणीत आवाजात सांगितलं, "अजून कच्चा हाय. मामंजींच्या दिवसापातूर शेडला कुनी हात लावायचा न्हाई. मामंजींच्या दिवसाला सगळ्या बायास्नी बोलवू, पिटलं-भाकरी घालू."

म्हणजे सोमवारपर्यंत वाळू द्यायचा, सोमवारी बायका लावून उतरवायचा आणि त्यांना जेवण घालायचं. घरातल्या कोणालाही हे कळलं. भिंतीवरच्याने मात्र ते त्याच्या पद्धतीने समजून घेतलं. कंपनीच्या कोणा शहाण्याने त्याला आमचे सगळे रीतिरिवाज पढवले होते. घरातल्या मोठ्या माणसाचा 'दिवस' आहे, त्या दिवसापर्यंत कामाला हात लावायचा नाही, दिवसाला माणसं बोलवायची, जेवण घालायचं. याचा अर्थ एकच. मामंजी गेले.

शनिवारी दुपारी जेवून उठलो तेव्हा पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. वळवाचं आभाळ. रंगुबाई सोप्यात जाऊन म्हणाली, "इश्वासू, शेडचं पडदं सोड."

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," यंत्र म्हणालं.

"कशाच्या दुःखात?"

"आपल्या इच्छेनुसार मामंजींच्या दिवसापर्यंत शेडला हात लावण्यात येणार नाही. घरावर सुतक आहे. सर्व नातेवाइकांना कळवण्यात आले आहे."

रंगुबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. "बने, ह्यो काय बोलतोय?"

मला आधी उलगडा झाला आणि मग हसू आलं, आणि मग आभाळाकडे पाहून हसू गेलं. "अक्का, अहो सोमवार! तुम्ही सोमवार म्हणाला नाहीत ना! ह्याला वाटलं मामंजी वारले."

"मामंजी तर कवाच वारलं!"

"नोंद घेतली आहे," यंत्र म्हणालं.

मी माझ्या मागासलेल्या फोनवरून कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज मधाळ.

"बाई, आमच्याकडे कोणी गेलेलं नाही," मी म्हटलं. "तुमच्या यंत्राचा गैरसमज झालाय."

"मॅम, सुरुवातीला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे."

"वाटत नाहीये हो. खरंच कोणी गेलेलं नाही."

"मॅम, सत्य स्वीकारायला वेळ लागतो. आमच्याकडे यासाठी एक समुपदेशनाची सोय आहे, ती सुरू करू का?"

"पडदे सुरू करा!"

तिने सांगितलं की सुतक उठवायचं असेल तर मालकाने किंवा मालकाच्या पत्नीने यंत्रासमोर आपल्या आवाजात मालकाचं पूर्ण नाव बोलायचं. नुसतं नाव. एवढंच. सोपं आहे, असंही ती म्हणाली.

धनाजीला पुण्याला फोन केला. त्याने आपल्या मोबाईलवरून पडदे सोडायचा हुकूम दिला, तर त्याला उत्तर आलं, की शोकमग्न सदस्यावर कामाचा ताण पडू नये म्हणून त्याचे अधिकार काही काळ थांबवले आहेत. "काकी, मी काहीच करू शकत नाही," तो म्हणाला. "आईला सांग, आबांचं नाव घे म्हणावं एकदा. काय होतंय?"

मी हे रंगुबाईला सांगितलं तेव्हा ती खांबाला टेकून खाली बसली.

"आज?" ती म्हणाली. "आजच? तिकडं त्यास्नी टेबलावर निजवलं आसंल, पोट फाडलं आसंल, आनि मी हितं नाव उच्चारू?"

एका बाजूला वर्षभराचा माल, एका बाजूला भाऊजी. तिच्या हिशेबात दोन्ही खरंच तागडीत होते.

मीच यंत्रासमोर गेले आणि म्हणाले, "जोतीराम सोमाजी खराडे." लिहितानाही माझा हात अडखळतो, पण बोलले.

"हा आवाज मालकाच्या पत्नीचा नाही."

"मग काय करू, हिचं लगीन लावून देऊ का माज्या नवऱ्याशी?" रंगुबाई ओरडली. मग उठली, पदर खोचला आणि यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. "तुला मालकाचं नाव म्हाईत हाय का न्हाई?"

"मालकाचे नाव माझ्याकडे नोंदलेले आहे."

"मग मला कशापायी इचारतोस?"

"आपण मालकाला ओळखता, याची खात्री करण्यासाठी."

"मी वळखती का? मी?" बाहेर गडगडलं. ती माझ्याकडे वळली. "बने, उखाना घेतला तर चालंल नव्हं? ते घेनं आसतंय. बोलनं न्हवं."

मी म्हटलं, चालेल. चालायलाच हवं. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला ती उखाणा घेतेच. त्याने आयुष्य गळत नाही, उलट वाढतं, असं सगळ्या जणी मानतात. तिने डोक्यावरून पदर घेतला, डोळे मिटले, आणि या वयातही नव्या नवरीसारखी मान खाली घालून म्हणाली,

"हिरव्या घडाचा बेदाना झाला सावलीत वाळून,
जोतीरामरावांचं नाव घेते दिल्या सबदाला पाळून."

यंत्र म्हणालं,

"नावाच्या आधी व नंतर अनावश्यक मजकूर आढळला. नावात 'राव' हा जादा शब्द आढळला. कृपया फक्त नाव बोला."

रंगुबाईने डोळे उघडले. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. रागाने नव्हे, अपमानाने उतरलेला. तिने ओठ उघडले. मला वाटलं, आता ही बोलते. शेडवर पहिले थेंब टपटपले होते. तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारातून हंबरडा ऐकू आला.

आमची शेजारीण धोंडुबाई डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन दारात उभी होती. आमच्याकडे घरात कोणी गेलं की चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. धोंडुबाईने पाटी माझ्या हातात दिली आणि रंगुबाईच्या गळ्यात पडली. "आक्का गं! कसं झालं गं! काल तर चालत मोटारीत बसलं हुतं!"

"कोन?"

"कोन काय, तुमचं मालक!"

यंत्राने सगळ्या फोनवर पाठवलेला निरोप असा होता: खराडे कुटुंबातील ज्येष्ठ सदस्य मामंजी यांचे निधन. मामंजी कोण ते कोणालाच आठवेना. पण सुभेदार सांगलीला ऑपरेशनला गेलेत हे गावाला माहीत होतं. लोकांनी दोन आणि दोन चार केले.

रंगुबाईचा रंग उडाला. "बने," ती एवढंच म्हणाली. यंत्र चुकलंय हे तिला कळत होतं. पण दारात रडणारं माणूस उभं राहिलं की कळलेलं टिकत नाही. मी संयोगिताला फोन लावला. बटणं सापडेनात. चार ठिकाणच्या दोऱ्या एका दमात जोडणारी मी, मला एक नंबर लागेना. शेवटी लागला.

"काय गं काकी?"

"आबा कसे आहेत?"

"झालं की ऑपरेशन. शुद्धीवर आलेत. चहा मागतायत, डॉक्टर नको म्हणतायत, तर डॉक्टरांना फौजेतल्या शिव्या देतायत. थांब, देते."

मी फोन रंगुबाईच्या कानाला लावला. पलीकडून शिव्या ऐकू आल्या. तिने डोळे पुसले, फोन मला परत दिला आणि पदर पुन्हा खोचला. "जित्तं हाईत," ती धोंडुबाईला म्हणाली. "आता उट. बाहेर कोन कोन आलंय?"

बाहेर निम्मी वाडी आली होती. पांढऱ्या टोप्या, खांद्यावर टॉवेल, चेहरे लांब. भावकीतले भाऊसो तर टेम्पो घेऊन आले होते, सांगलीहून आणायला लागलं तर, म्हणून. अर्जुना होता. पाऊस वाढत होता आणि ते सगळे अंगणात भिजत उभे होते.

रंगुबाई ओट्यावर आली, हातात ऊसतोडीचा कोयता. "कुनी मेलं न्हाई," ती म्हणाली. "पर आलायसा तर हात लावा. शेडचं पडदं वर बांदल्यात, दोऱ्या तोडा!"

कोणाला काही समजलं नाही, पण बेदाणा भिजतोय एवढं कळायला आमच्या भागात दुसरं काही समजावं लागत नाही. टोप्या खिशात गेल्या. शेडच्या दाराला विश्वासूचं कुलूप होतं. ते उघडायच्या भानगडीत न पडता लोक उघड्या बाजूने जाळ्यांवरून वर चढले. अर्जुना सगळ्यांच्या वर, दातात पक्कड. "काकी, तोडू काय वायर? मागनं म्हनशीला अर्जुनानं तोडली!"

"तोड! अनोळखीच हाईस की तू!"

पहिला पडदा धाडकन खाली आला. मग दुसरा. सोप्यातून यंत्र मोठ्याने ओरडायला लागलं, "शेडमध्ये जमाव घुसला आहे! मालकाला कळवण्यात येत आहे!" मालक सांगलीच्या दवाखान्यात चहा मागत होते. त्यांच्या मोबाईलवर तो निरोप गेला, आणि त्याच्या आधीचा, ज्येष्ठ सदस्याच्या निधनाचाही. संयोगिता सांगते, आबांनी दोन्ही वाचले आणि म्हणाले, "घरात ज्येष्ठ मीच. मी मेलो तर मग मला कशाला कळवतोय?"

पश्चिमेची बाजू थोडी भिजली. बाकीचा माल वाचला. पाऊस थांबल्यावर सगळे सोप्यात बसले आणि धोंडुबाईची पिठलं-भाकरी खाल्ली. सुतकाचं जेवण इतक्या हसतखिदळत खाल्लेलं मी दुसऱ्यांदा पाहणार नाही.

"पर ते मामंजी कोन?" भाऊसोंनी शेवटी विचारलं.

"उंद्याच्या पल्याडचा वार," रंगुबाई म्हणाली, आणि सगळी भावकी पुन्हा हसली.

आता कोणाचं काय झालं ते सांगते.

भिजलेला बेदाणा काळा पडला. तो आम्ही घरात ठेवला आणि सोमवारी माल उतरवायला आलेल्या बायकांना वाटला. दिसायला वाईट होता, खायला गोड होता.

अर्जुनाने शेडला पूर्वीसारखी दोरी आणि हाताने फिरवायची मूठ बसवून दिली. मग शेजारच्या तीन वाड्यांतून त्याला बोलावणी आली. तासगावात त्याने दुकान टाकलं आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'अनोळखी हात इलेक्ट्रिकल्स'. चांगलं चालतं.

धोंडुबाईला वाटलं की आपण जिवंत माणसासाठी रडलो हा अपशकुन झाला. म्हणून तिने भाऊजी घरी आले त्या दिवशी त्यांच्यावरून लिंबू उतरवून टाकलं. आता ती फोनवर आलेली कुठलीही बातमी आधी मला दाखवते आणि मग रडते.

भाऊसो टेम्पो घेऊन तसेच सांगलीला गेले आणि भाऊजींना चार दिवसांनी त्याच टेम्पोतून बसवून आणलं. भाडं घेतलं नाही. म्हणाले, नीट आणायचं ठरवून निघालो होतो, नीट आणलं.

संयोगिता फलटणला परत गेली. तिच्या सासरचे लोक जीप करून अर्ध्या वाटेपर्यंत आले होते. ते अजून तिला विचारतात, की मामंजींच्या जाण्याने घराला फार धक्का बसला असेल ना.

धनाजी अजून पुण्याला आहे. त्याने यंत्राच्या कंपनीला बरेच निरोप लिहिले. प्रत्येक निरोपाला त्याला सांत्वनाचं उत्तर येतं. कंपनीच्या मते आम्ही यंत्र विकत घेतलेलं नाही, ते वापरण्याची परवानगी घेतलेली आहे, आणि जमावाने तारा तोडल्यामुळे आम्ही आता 'विश्वासास पात्र' राहिलेलो नाही. हे वाचून धनाजीला वाईट वाटलं. मला मात्र बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एखाद्याने आपल्यावर अविश्वास दाखवावा, आणि तो अशाने!

भाऊजी बरे आहेत, मारुतीच्या देवळात भजन गातात, आणि ते कोणी टिपून घेणार नाही याची आधी खात्री करून घेतात. अडचण एवढीच, की यंत्राच्या नोंदीत ते मृत आहेत. मामंजी म्हणजे घरातला ज्येष्ठ, ज्येष्ठ म्हणजे मालक, असं त्याने नंतर जुळवून घेतलं. भाऊजी एकदा त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मी जोतीराम सोमाजी खराडे, माजी सुभेदार." यंत्र म्हणालं, "हा आवाज दिवंगत सदस्याचा आहे. आठवणींच्या विभागात जपून ठेवू का?" दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचा दाखला देणाऱ्या माणसाला यात नवीन काही वाटलं नाही.

आणि रंगुबाई. कंपनीचा माणूस एकदा आला होता. म्हणाला, आजी, तुम्ही एकदाच मालकांचं नाव साधं बोला, नोंद दुरुस्त होईल, नावाआधीचं 'कैलासवासी' निघेल, सगळं पुन्हा सुरू होईल. रंगुबाईने त्याला चहा दिला, बेदाणे दिले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा. आसंच ऱ्हाऊ दे."

तो गेल्यावर मी विचारलं, "अक्का, निदान ते कैलासवासी तरी काढून घ्यायचं होतं."

ती भिंतीवरच्या यंत्राकडे पाहून, हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "बने, आगं यमाचा मानूस ह्यो आसलंच काय तरी वाचून येत आसंल. ह्यात मेलेलं लिव्हलंय तवर तो कशाला येतोय?"

यंत्र अजून सोप्यात आहे. त्याच्यावर तिने भाऊजींचा जुना फौजेतला टॉवेल टाकून ठेवला आहे. आतून ते दर वर्षी एप्रिलात मामंजींच्या पुण्यस्मरणाची आठवण करून देतं. रंगुबाई हात जोडते आणि टॉवेल नीट करते.